दूरचित्रवाणीवरील ‘हल्लेखोर’ मधमाशी : एक चिकित्सा

सातारा-सांगली परिसरात गडावर वा शेतात मधमाश्यांच्या दंशाने कोणी जखमी झाले की, वृत्तवाहिन्यांवर ‘आग्या मोहोळाचा हल्ला’ असा मथळा झळकतो. प्रस्तुत लेखात या मांडणीची चिकित्सा केली आहे.

‘हल्ला’ या शब्दात हेतू गृहीत असतो. वस्तुतः आग्यामाशी आपल्या मोहोळाचे रक्षण करते. धूर, दगड वा पक्ष्याची झडप तिला डिवचते. दंशासमवेत सुटणारा गंध इतर माश्यांना सावध करतो आणि माणसाला दंश करणारी कामकरी माशी स्वतः मरते. बातमीत मात्र जखमींचा आकडा ठळक असतो, कारण क्वचितच येते. ‘द स्वॉर्म’ (१९७८) या इंग्रजी चित्रपटात मधमाशी शत्रुसैन्यासारखी दाखविली होती. तीच प्रतिमा येथे बातमीचे रूप घेते.

दुसरा दोष प्रजातींमधील भेद पुसण्याचा. महाबळेश्वर तालुक्यात पेटीत पाळली जाणारी सातेरी माशी तुलनेने शांत असते. २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झालेल्या मांघरमधील अनेक घरांचे उत्पन्न मधाशी निगडित आहे. पडद्यावर मात्र दोघी एकच ठरतात. अशा सरसकट भयातून मोहोळ जाळण्यास समर्थन मिळते. त्याची झळ परागीभवनासाठी माश्यांची गरज असणाऱ्या आटपाडीच्या डाळिंबबागांपर्यंत पोहोचू शकते.

दंश प्रसंगी जीवघेणा ठरतो, हे नाकारता येत नाही. म्हणूनच काटा त्वरित काढावा, अंगावर गांधी उठल्यास वा श्वास कोंडल्यास तातडीने रुग्णालय गाठावे, एवढी माहिती तरी प्रत्येक बातमीत असणे आवश्यक आहे.