‘गावगाडा’तील कामाचा विचार आणि बाळापूरचा विणकर

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) हा ग्रंथ बहुधा ग्रामजीवनाचे चित्रण म्हणून वाचला जातो. वस्तुतः त्याचे स्वरूप आरोपपत्राचे आहे. गरजा पालटल्या तरी कामकऱ्यांची मांडणी जुनीच राहिली, हे आत्र्यांचे दुखणे होय. वतन वारसाने येते, भाऊबंदांत वाटले जाते. एकाच्या कामावर अनेकांचे हक्क बसतात आणि कुणब्याच्या खळ्यावरून बलुते मात्र जातच राहते. मोबदल्याचा कामाशी संबंध तुटला, हे त्यांचे निदान ‘मनुष्यबळा’ची भाषा बोलणाऱ्या आजच्या धुरिणांनीही अभ्यासावे इतके मार्मिक आहे. वारसाऐवजी लायकी पाहावी, हा त्यांच्या उपायाचा कल मात्र तपासून घ्यावा लागतो.

त्यासाठी बाळापूर पाहावे. हा कसबा. (‘कसब’ आणि ‘कसबा’ हे दोन्ही शब्द अरबीतून आले, तेथे त्यांचे धातू भिन्न आहेत. मराठी उच्चारात तो भेद उरला नाही, आणि बाळापुरासारख्या गावी तो कोणास जाणवलाही नसता.) येथील सतरंज्या व पागोटी एके काळी नावाजलेली होती. त्यांचा विणकर बलुतेदार नव्हता. त्यास खळ्यावरचा वाटा नव्हता की बांधलेले गिऱ्हाईक नव्हते. त्याची परीक्षा बाजारात, मालावरूनच होत असे. १८६७ मध्ये लोहमार्ग वऱ्हाडातून नागपुरास पोहोचला, गिरणीचे कापड स्वस्तात येऊ लागले, पुढे डोक्यावरचे पागोटेही उतरले. लायकी कमी पडली म्हणून या विणकराचे गिऱ्हाईक गेले, असे कोण म्हणेल?

येथे आत्र्यांची परिभाषा अपुरी पडते. ‘वतनदार’ आणि ‘रयत’ या जोडीत कसबी पण निराधार अशा माणसास जागा नाही. शाश्वतीमुळे आळस येतो, हे त्यांचे गृहीत गावापुरते खरे असेल. परंतु नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये (स्थापना १८७७) जमशेटजी टाटांनी १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघाताच्या भरपाईची सोय केली, ती कामगार टिकावा म्हणूनच. शाश्वतीचा तोच धागा एका ठिकाणी रोग ठरतो, दुसऱ्या ठिकाणी औषध. वतन आणि निवृत्तिवेतन यांतील भेद आत्र्यांनी मांडला असता, तर त्यांच्या ग्रंथात बाळापूरच्या मागासही जागा झाली असती.