मधल्या चित्रांची किंमत

2019 साली मकोतो शिंकाईचा 'वेदरिंग विथ यू' हा जपानी अ‍ॅनिमेपट भारतात लागावा म्हणून इथल्या चाहत्यांना सह्यांची ऑनलाइन मोहीम चालवावी लागली होती. सप्टेंबर 2025मध्ये 'डेमन स्लेअर'चा 'इन्फिनिटी कॅसल' आला तो थेट हिंदी, तमिळ, तेलुगू बोलत आणि गर्दी खेचत. 2023मध्ये जपानी अ‍ॅनिमेची उलाढाल तीन लाख कोटी येनच्या पुढे गेली. त्यातला निम्म्याहून अधिक पैसा जपानबाहेरून आला. अशा भरभराटीच्या काळातच, ही कला ज्यांच्या हातांवर उभी आहे त्यांच्यापर्यंत काय पोहोचतं, हे विचारलं पाहिजे.

या प्रश्नाची मुळं 1963च्या 1 जानेवारीपर्यंत जातात. त्या दिवशी ओसामू तेझुकांची 'अ‍ॅस्ट्रो बॉय' ही मालिका सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग, आणि वाहिनीकडून मिळणारे पैसे खर्चापेक्षा कमी. सेकंदाला 24 चौकटी लागतात. तेझुकांच्या स्टुडिओने एकेक चित्र तीन-तीन चौकटी टिकवून आठ चित्रांत, कित्येकदा त्याहूनही कमी चित्रांत काम भागवलं. चेहरा स्थिर, हलायचे फक्त ओठ. राहिलेली तूट खेळण्यांतून आणि चॉकलेटसोबतच्या स्टिकरांतून भरून निघायची. 1973मध्ये स्टुडिओचं दिवाळं निघालं, पण हिशेबाची ती रीत टिकली.

या टंचाईने एक शैलीही दिली. हिदेआकी आन्नोच्या 'इव्हँजेलियन'चा 24वा भाग पाहा. नायक शिंजी चालवत असलेल्या महाकाय यंत्रदेहाच्या मुठीत त्याचाच मित्र आहे, आणि त्याला मारायचं की नाही हे शिंजीने ठरवायचं आहे. बीथोव्हेनची नववी सिंफनी चालू आहे आणि जवळजवळ एक मिनिट पडद्यावर काहीही हलत नाही. निर्णय झाला हे आधी कानाला कळतं, डोळ्यांना नंतर. हाताशी भरपूर वेळ आणि पैसा असता, तर इतकी भेदक स्तब्धता कुणाला सुचली असती असं मला वाटत नाही.

मात्र टंचाईचा गौरव करून थांबणं अन्यायाचं होईल, कारण आज ती सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. प्रकाशक, वाहिनी, संगीत कंपनी, खेळणी बनवणारे असे मिळून निर्मिती समिती स्थापन करतात. जोखीम वाटली जाते, म्हणून वेगळ्या वाटेच्या कथांनाही भांडवल मिळतं. हा या पद्धतीचा मोठा गुण. पण स्टुडिओला बहुधा ठरलेली रक्कमच मिळते आणि नफा समितीकडे जातो. उतरंडीच्या तळाशी आहेत दोन मुख्य चित्रांमधली हालचाल भरणारे नवखे कलावंत. एका चित्रामागे साधारण 200 येन. यातलं बरंचसं काम आता चीन, कोरिया, फिलिपिन्सकडे जातं. गुरूच्या मागे तंबोऱ्यावर बसून शिष्याचा कान तयार होतो, तसा या मधल्या चित्रांवर हात तयार होत असे. ती बैठकच मोडली, तर पुढची मुख्य चित्रं कोण काढणार?

मापा या स्टुडिओने 2022मध्ये समिती टाळून 'चेनसॉ मॅन'चा सगळा खर्च स्वतः उचलला. पाऊल धाडसाचं होतं. पण पुढच्याच वर्षी तिथल्या 'जुजुत्सु काइसेन'वर काम करणाऱ्या चित्रकारांनी वेळापत्रकाबद्दल उघडपणे तक्रारी केल्या. भांडवलाचा मालक बदलला, घाई तशीच राहिली.

म्हणूनच मला क्योतो अ‍ॅनिमेशन महत्त्वाचं वाटतं. 1981मध्ये इतरांची चित्रं रंगवून देण्यापासून सुरुवात केलेल्या या स्टुडिओने कलावंतांना पगारावर ठेवलं आणि स्वतःची शाळा काढली. त्याचं फळ नाओको यामादाच्या 'लिझ अँड द ब्लू बर्ड'मध्ये (2018) दिसतं. सुरुवातीला दोन मुली शाळेत चालत जातात, एवढंच. नोझोमी पुढे, तिची पोनीटेल ठेक्यात हलते. मिझोरे दोन पावलं मागे. दोघींच्या बुटांचे आवाज जुळत नाहीत, आणि त्या न जुळण्यातच पुढची सगळी गोष्ट आहे. अशी चाल चित्रामागे मोजून पैसे देणाऱ्या घाईत उतरत नाही.

या पात्रांना रूप देणारे फुतोशी निशिया 18 जुलै 2019ला याच स्टुडिओवर झालेल्या जाळपोळीत गेले. त्या दिवशीच्या हल्ल्यात एकूण 36 माणसं गेली. स्टुडिओने काम सोडलं नाही, शाळाही पुन्हा चालू केली. 2024मध्ये त्यांच्या 'साउंड! युफोनियम' मालिकेचं तिसरं पर्व आलं. त्यात वाचलेल्या जुन्या कलावंतांच्या जोडीने नवे हातही होते.