उजेड दिसला, धातू दिसला का?

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या माणसाने रसायनशास्त्रात नाक का खुपसावं, असं तुमच्या मनात येईल. खुपसतो, कारण प्रश्न आमच्याच घरचा आहे: जे दिसतं त्यावरून न दिसणाऱ्याबद्दल काय म्हणता येतं?

धातूचे आयन डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून रसायनशास्त्रज्ञ असा रेणू घडवतात, ज्याचा एक भाग आयन पकडतो आणि त्यामुळे दुसरा भाग चमकू लागतो किंवा विझतो. हा त्यांचा ‘सेन्सर’. मग ते म्हणतात, आम्ही धातू पाहिला. आमचा आक्षेप या क्रियापदावर आहे. पाहिला तो उजेड. धातूचं केलं ते अनुमान. धूर पाहून डोंगरावर आग आहे म्हणणाऱ्या नैयायिकाचीच ही वाट.

त्या नैयायिकांनी एक सावधगिरीही शिकवली आहे. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. म्हणजे धूर नाही म्हणून आग नाही, असं म्हणता येत नाही. आता विझणारे सेन्सर घ्या. तांब्याचा आयन आला की उजेड मंदावतो, ठीक. पण लोहाच्या आयनाने, आम्लाने, नुसत्या प्रकाशाच्या माऱ्यानेही तो मंदावू शकतो. मग ही खूण कोणाची मानायची?

रॉजर त्सिएन आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली मांडलेला ‘फ्युरा-२’ इथे बघण्यासारखा आहे. कॅल्शियम धरलं की ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशाने मिळणारी चमक वाढते, ३८० च्या प्रकाशाने मिळणारी घटते. दोहोंचं गुणोत्तर घेतलं, की पेशीत रंग किती शिरला, पेशी जाड की पातळ, ही भानगड बरीचशी मिटते. तरी शंका उरतेच, कारण फ्युरा-२ जस्ताला कॅल्शियमपेक्षा घट्ट धरतो. म्हणून जाणते लोक ‘टीपेन’ नावाचं द्रव्य घालून बघतात. ते जस्त काढून घेतं, कॅल्शियमला जवळजवळ हात लावत नाही. चमक तरीही टिकली, तर कॅल्शियमचा दावा बळकट. शिवाय हा रंग स्वतःच कॅल्शियम धरून बसतो; जास्त घातला तर जी लाट मोजायची तीच दबते.

ही खरी उलटतपासणी. आम्हाला खटकतात ते लेख, ज्यांत शुद्ध द्रावणात एकेक आयन घालून ‘निवडक सेन्सर’ असा शिक्का मारला जातो. विहिरीच्या पाण्यात सगळे आयन एकत्र नांदतात. आणि ‘पारा नाही’ असं आपण सांगितलं, की ते पाणी कोणीतरी पितं. तिथे अनुमानाला प्रत्यक्ष म्हणणं ही नुसती शब्दांची चूक राहत नाही.

असो. आता तुमचे प्रश्न घेऊ.