‘चेंज द व्हॉइस’नं आपल्याला काय शिकवलं नाही?

शाळेत आपण सगळ्यांनी ‘चेंज द व्हॉइस’चे मार्क मिळवलेत. कर्म पुढे घ्या, कर्ता शेवटी टाका, त्याआधी ‘बाय’ लावा, झालं. रिसर्च पेपर लिहायला बसलं की मात्र हाच सराव अपुरा पडतो. माझी तक्रार अशी, की हा प्रश्न वाक्य कसं उलटवायचं ते शिकवतो. कशासाठी, ते नाही.

पहिला घोळ नावांचा. ‘पेणच्या मूर्तिकारानं मूर्ती रंगवली’ हा मराठीत कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद मूर्तीप्रमाणे चालतं. गणपती असता तर ‘रंगवला’ झालं असतं. इंग्रजीत मात्र हे साधं ॲक्टिव्ह वाक्य: ‘द आर्टिस्ट पेंटेड द आयडॉल’. म्हणजे कर्मणी आणि पॅसिव्ह एक नव्हेत. आपण पाठ करताना दोन्ही एकच धरतो.

दुसरा मुद्दा क्रमाचा. ‘मूर्ती पेणच्या मूर्तिकारानं रंगवली’ म्हटलं तरी कर्ता कळतो, कारण ‘नं’ त्याला चिकटलेला आहे. इंग्रजीत कर्त्याला असा प्रत्यय नाही. तिथे जागाच ते काम करते. शब्दांची नुसती अदलाबदल केली, तर मूर्तीच कलाकाराला रंगवायला लागते!

आता पेपरमधलं उदाहरण घ्या. ‘आम्ही रोह्याजवळ कुंडलिकेच्या पाण्याचे नमुने घेतले. ते नमुने नंतर गाळले.’ दुसऱ्या वाक्यात वाचकाचं लक्ष नमुन्यांवर आहे, म्हणून मराठीत आपण सहज ‘नमुने’ पुढे आणतो. इंग्रजीत तेच साधायला ‘द सॅम्पल्स वेअर देन फिल्टर्ड’ लागतं. पॅसिव्हचं खरं काम हे आहे. आपल्याला मराठीत शब्द हलवून जे जमतं, ते इंग्रजी पॅसिव्हनं करते.

म्हणून ‘सायन्समध्ये सगळं पॅसिव्ह’ हा सल्ला चुकीचा, आणि ‘पॅसिव्ह कधीच नको’ हाही. ‘नेचर’सारखं नियतकालिक लेखकांना ॲक्टिव्ह वापरायला सांगतं, नमुने कुणी घेतले हे महत्त्वाचं असेल तिथे ‘वी कलेक्टेड’ बिनधास्त लिहा.

आज तुमच्या ड्राफ्टमधला एक परिच्छेद काढा. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला काय आहे, एवढंच अधोरेखित करा. ते आधीच्या वाक्यातून आलेलं नसेल, तर व्हॉइस बदलायचा की नाही, ते तिथे ठरवा.