पाच शिफारशी आणि एक नरोटी

"विज्ञानाचं काहीतरी वाचायचंय, पण पाठ्यपुस्तकासारखं नको. मराठीत काय आहे?" पीएचडी करतेय म्हटल्यावर हा प्रश्न मला नातेवाईक विचारतात, बिल्डिंगमधले काका-काकू विचारतात आणि लॅबमधली नवीन मुलंसुद्धा विचारतात. म्हणून ही यादी: तीन पुस्तकं, दोन चित्रपट. यातलं बरंचसं तुम्हाला दुकानात विज्ञानाच्या कपाटात सापडणार नाही. माहितीचा साठा असलेली पुस्तकं मराठीत भरपूर आहेत. अणू म्हणजे काय, कृष्णविवर म्हणजे काय, सगळं त्यांत मिळतं. पण "हे कुणाला, कसं कळलं? आणि कितपत खात्रीने?" एवढं विचारलं की त्यातली बरीच गप्प होतात. मी निवडलेल्या पाचही कलाकृती या प्रश्नापाशी जातात. काही उत्तर देतात, काही अर्ध्यावर सोडतात. कोण कुठे सोडतं, तेही सांगते.

१. 'युगान्त' – इरावती कर्वे (१९६७)

महाभारतावरचं पुस्तक विज्ञानाच्या यादीत कसं? इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ होत्या. बर्लिनमध्ये त्यांचे गाईड होते ऑयगेन फिशर. युरोपीय लोकांच्या कवट्यांची ठेवण इतरांपेक्षा वेगळी, असमान असते, अशी त्यांची धारणा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशानुसार तसा फरक दिसत नाही, हे प्रबंधात लिहिलं. १९३० साली, परक्या देशात, गाईडला नको असलेला निष्कर्ष! पीएचडी करणाऱ्या कुणालाही विचारा, पोटात गोळा येईल.

तीच शिस्त 'युगान्त'मध्ये आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने शेकडो हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सित आवृत्ती तयार केली. जुनं कोणतं, मागून घुसडलेलं कोणतं, याचा पाठ तिथे मिळतो. इरावतीबाई त्यावर उभ्या राहून बोलतात. विदुर हाच युधिष्ठिराचा पिता असेल का, असा खळबळजनक प्रश्न त्या विचारतात, पण प्रश्न म्हणूनच. द्रौपदीच्या लेखात तर त्या एका जागी थांबतात आणि सांगतात, की इथवरचं चिकित्सित आवृत्तीच्या आधाराने होतं, यापुढची माझी नरोटी. नरोटी म्हणजे सुक्या नारळाची करवंटी, फारशी किंमत नसलेली वस्तू. मग त्या द्रौपदीच्या शेवटच्या क्षणांची स्वतः रचलेली कल्पना मांडतात. ती सुंदर आहे. पण मला जास्त आवडते ती आधी आखलेली रेघ. पुढच्या चारही शिफारशी मी याच रेघेने मोजणार आहे. पुरावा कुठे संपतो आणि नरोटी कुठे सुरू होते, हे सांगितलंय का?

२. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९, दिग्दर्शक परेश मोकाशी)

दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) काढण्याआधी एक छोटी फिल्म केली होती, 'अंकुराची वाढ'. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिन्याहून अधिक काळ त्याची वाढ टिपली. पडद्यावर ती जेमतेम मिनिटभरात संपते. साधा हिशेब करू. मूकपटाच्या काळातला सेकंदाला साधारण १६ चौकटींचा वेग धरला, तर मिनिटाला ९६० चौकटी होतात. महिन्यावर वाटल्या तर दिवसाला बत्तीसेक. म्हणजे पाऊण तासाला एक चौकट, रोज, न चुकता. हे सरळ सरळ प्रयोगशाळेतलं काम आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी १९०० च्या आसपास याच तंत्राने वनस्पतींच्या हालचाली टिपल्या होत्या. फाळक्यांना मात्र ते भांडवलदाराला पटवण्यासाठी हवं होतं.

चित्रपटात हा भाग हसतखेळत येऊन जातो, तसा सगळाच चित्रपट हसतखेळत जातो. नंदू माधव आणि विभावरी देशपांडे यांच्यामुळे फाळक्यांचं घर खरंखुरं वाटतं. माझी तक्रार या हलकेपणाबद्दलच आहे. फाळक्यांचं वेड दिसतं, कंटाळा दिसत नाही. शोधाच्या कामातला मोठा वाटा कंटाळ्याचा असतो. चित्रपट 'हे घडलं' आणि 'हे आम्ही रंगवलं' यांत रेघही मारत नाही. तरी मुलांबरोबर बघा आणि नंतर घरी मोबाईलवर मटकीच्या मोडाची तशीच फिल्म करा. दिवसाला किती फोटो हवेत, हे मुलांनाच काढू द्या.

३. 'सत्तांतर' – व्यंकटेश माडगूळकर

वानरांच्या टोळ्यांवरची ही छोटी कादंबरी. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. टोळीतला प्रमुख नर बदलतो तेव्हा काय होतं, हा तिचा विषय. माडगूळकर जंगलात मुक्काम ठोकून तासन्‌तास बघत बसणारे लेखक होते आणि ते बघणं पानापानात जाणवतं.

या कादंबरीमागे एक खरा शास्त्रीय वाद उभा आहे. साठच्या दशकात धारवाडजवळ युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाला दिसलं, की टोळी बळकावणारा नवा नर आधीच्या नराची पिल्लं मारतो. पुढे सत्तरच्या दशकात सारा हर्डी यांनी अबूच्या वानरांवर काम करून मांडलं, की ही विकृती नाही. पिल्लू गेलं की मादी लवकर पुन्हा माजावर येते, म्हणजे नराचा त्यात फायदा असतो. विरोधक म्हणाले, छे, माणसांच्या सहवासाने आणि गर्दीने बिघडलेली वानरं आहेत ही. वाद बरीच वर्षं चालला.

कादंबरीत तो वाद नाही, असायची गरजही नाही. अडचण वेगळी आहे. वानरांना नावं आणि मनं दिली की वाचक पटकन माणसांचं राजकारण वाचायला लागतो. शीर्षकही त्याला तिकडेच ढकलतं. इथे निरीक्षण आणि नरोटी एकजीव झालीत. कादंबरीकाराला ती मुभा आहेच. वाचताना आपण मात्र पेन्सिल हातात ठेवावी: हे दुर्बिणीतून दिसेल, हे नाही.

४. 'चार नगरांतले माझे विश्व' – जयंत नारळीकर

बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे अशी चार नगरं. २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं हे आत्मचरित्र जाडजूड आहे. समित्या, संस्था आणि प्रवास यांची पानं मी भराभर उलटली, हे कबूल. पण केंब्रिजचा भाग सावकाश वाचा. मार्टिन राईल यांनी रेडिओ-स्रोतांच्या मोजणीवरून 'स्थिर स्थिती' सिद्धान्त मोडीत निघाल्याचं १९६१ मध्ये जाहीर केलं. फ्रेड हॉईल यांनी विद्वानांच्या सभेत उत्तर द्यायला आपल्या विद्यार्थ्याला उभं केलं. तो विद्यार्थी म्हणजे नारळीकर.

पुढे १९६५ मध्ये विश्वाच्या पार्श्वभूमीवरची सूक्ष्मलहरी प्रारणं सापडली आणि बहुतेक खगोलशास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. आयुष्यभर (२० मे २०२५ ला ते गेले) अल्पमतात राहून त्यांनी पर्याय मांडले. बहुमताचा निकाल आज त्यांच्या विरुद्ध आहे आणि मलाही तो पटतो. पण अल्पमतात राहायचं तर गणित आणि निरीक्षणं घेऊन राहायचं, "सगळे शास्त्रज्ञ विकले गेलेत" असं म्हणत नाही, हा फरक शिकायला या पुस्तकासारखी जागा मराठीत क्वचितच आहे.

५. 'आजोबा' (२०१४, दिग्दर्शक सुजय डहाके)

ही शिफारस दहिसरकरांसाठी खास. २००९ साली नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वर इथे विहिरीत पडलेल्या बिबट्याला बाहेर काढून, जीपीएस कॉलर घालून माळशेज घाटात सोडलं. तो चालत निघाला. महामार्ग, रेल्वेरूळ, वसईची खाडी ओलांडून सुमारे १२० किलोमीटरवर आला तो थेट आपल्या बाजूच्या नॅशनल पार्कच्या जंगलात. वाटेत कुणालाही त्याने इजा केली नाही. संशोधक विद्या अत्रेय यांच्या या कामावर चित्रपट बेतलाय. पडद्यावर त्या पूर्वा राव होतात आणि ही भूमिका उर्मिला मातोंडकरने केलीय.

बिबट्याला राक्षस न करणारा हा चित्रपट महत्त्वाचा आहे. पण त्याचं मन पूर्वाच्या धडपडीत जास्त रमतं, आकड्यांत कमी. एका बिबट्याची गोष्ट ही एकाच बिबट्याची गोष्ट असते. 'बिबटे माणसाला त्रास देत नाहीत' हा नियम त्यातून निघत नाही. त्यासाठी अत्रेय आणि सहकाऱ्यांचा २०११ चा जुन्नरवरचा पेपर लागतो. तिथे शेतातले बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडायची मोहीम २००१ मध्ये सुरू झाली. त्याआधी वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे, मोहिमेच्या काळात ते १७ झाले. जिथे बिबटे सोडले, त्या जंगलांच्या आसपासही हल्ले वाढले. प्रयोगशाळेतल्यासारखा नियंत्रित प्रयोग इथे शक्य नसतो, पण वेळ आणि जागा दोन्ही जुळतात.

आता आपल्याकडचं चित्र बघा. पूर्वेच्या कुठल्याही सोसायटीच्या ग्रुपवर सीसीटीव्हीतला बिबट्या आला, की तासाभरात "पकडा आणि लांब नेऊन सोडा" ही मागणी येते. ती करणारी माणसं दुष्ट नसतात. त्यांची मुलं खाली खेळत असतात, भीती खरी असते. पण जुन्नरने दाखवलंय, की नेमका हाच उपाय धोका वाढवू शकतो. कचरा उचला, त्यामुळे जमणारी भटकी कुत्री कमी होतील, संध्याकाळी मुलांना एकटं सोडू नका, जिन्यात दिवे ठेवा, हे सांगणं कंटाळवाणं असतं. वाटाण्याच्या फिल्मइतकंच कंटाळवाणं आणि तितकंच उपयोगी.

वेळ एकाच गोष्टीसाठी असेल तर 'युगान्त' घ्या, त्यातही द्रौपदीचा लेख आधी. दोन गोष्टींसाठी असेल तर त्यानंतर 'आजोबा' बघा. पुढच्या वेळी ग्रुपवर बिबट्याचा व्हिडिओ आला, की फॉरवर्ड करण्याआधी एवढंच विचारा: यातलं कॅमेऱ्याने पाहिलेलं किती, आणि पाठवणाऱ्याची नरोटी किती?