टेडी बॉईजचा कोट आणि हेबडिज यांची शैलीमीमांसा

डिक हेबडिज यांचा ‘सबकल्चर : द मीनिंग ऑफ स्टाइल’ हा ग्रंथ १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. युवकांच्या वेशभूषेचा अभ्यास आजही बव्हंशी त्यातील परिभाषेच्या आधारे होतो. कनिष्ठ वर्गातील तरुण प्रस्थापितांच्या वस्तू उचलतात, त्यांची नवी जुळणी करतात आणि त्यांना मूळ अर्थाविरुद्ध उभे करतात. पुढे बाजारपेठ ही शैली सामावून घेते व तिची धार बोथट होते, असे या मांडणीचे थोडक्यात स्वरूप आहे. जुळणीची संकल्पना लेव्ही-स्त्रॉस यांच्याकडून आलेली असून विवेचनाच्या केंद्रस्थानी प्रामुख्याने पंक तरुण आहेत. १९५० च्या दशकातील टेडी बॉईजच्या कोटाला मात्र ही मांडणी लावून पाहिली की तिच्यातील क्रम डळमळू लागतो.

ब्रिटनमध्ये कपड्यांचे रेशनिंग १९४१ ते १९४९ या काळात होते. महायुद्धोत्तर टंचाईच्या या पार्श्वभूमीवर लंडनच्या सॅव्हिल रो भागातील शिंप्यांनी सातव्या एडवर्डच्या कारकिर्दीची आठवण देणारा सूट श्रीमंत तरुणांसाठी पुन्हा प्रचारात आणला. लांब कोट, मखमली कॉलर, अरुंद विजार असे त्याचे रूप होते. कामगार वस्त्यांतील मुलांनी तो स्वीकारला, त्याला बुटाच्या नाडीसारखा बारीक टाय, जाड क्रेप सोलचे बूट व तेल लावून मागे वळवलेल्या केसांची जोड दिली, आणि मूळ गिऱ्हाइकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. एडवर्ड या नावाचे ‘टेडी’ हे लघुरूप १९५३ मध्ये वृत्तपत्रांनी रूढ केले. त्याच वर्षी क्लॅपहॅम कॉमन येथे एका तरुणाचा खून झाला आणि असा कोट अंगावर असणे हीच संशयाची खूण ठरली.

हेबडिज या स्वीकाराकडे चौर्य व रूपांतर म्हणून पाहतात. रूपक आकर्षक आहे. पण कोट चोरलेला नव्हता. तो मापे देऊन शिवून घेतलेला, आठवड्याच्या मजुरीतून, अनेकदा हप्त्याहप्त्याने फेडलेला होता. चौर्याच्या रूपकात ही मजुरी दिसेनाशी होते आणि शिंपीही. बाजारपेठ येथे शेवटी अवतरणारी खलनायिका नसून पहिल्या टाक्यापासून हजर आहे. कष्टाच्या पैशातून सुबक दिसण्याची आकांक्षा बंडाच्या भाषेत पूर्णतः मावत नाही. ती विद्यापीठीय समीक्षेला काहीशी अडचणीचीच वाटत असावी.

मुलींविषयीचे मौन याहून गंभीर आहे. केन रसेल यांनी १९५५ मध्ये टिपलेल्या छायाचित्रांत बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या जागांवर पुरुषी बेताचे कोट घातलेल्या टेडी मुली ताठ मानेने उभ्या आहेत. उपसंस्कृतीच्या अभ्यासातील ही पुरुषकेंद्री दृष्टी अँजेला मॅकरॉबी यांनी १९८० मध्येच दाखवून दिली होती. उलट, १९५८ च्या नॉटिंग हिल दंगलीत कॅरिबियन स्थलांतरितांवर झालेल्या हल्ल्यांशी असलेला टेडी बॉईजचा संबंध हेबडिज लपवत नाहीत, हे नमूद केले पाहिजे. कृष्णवर्णीयांच्या संगीतातून घडलेल्या रॉक अँड रोलवर नाचणारे तरुण कृष्णवर्णीय शेजाऱ्यांवर धावून जातात, या विसंगतीकडे त्यांनी लक्ष वेधले आहे.

आधुनिक शैलीवरील प्रभावाचा प्रश्न येथूनच अधिक स्पष्ट होतो. १९७१ मध्ये माल्कम मॅकलारेन आणि व्हिव्हियन वेस्टवूड यांनी लंडनमधील ४३०, किंग्ज रोड येथे ‘लेट इट रॉक’ हे दुकान सुरू केले. तेथे टेडी पद्धतीचेच कपडे विकले जात. काही वर्षांत याच दुकानातून, नाव व माल बदलून, पंक वेशभूषा आकाराला आली. म्हणजे ज्या पंक शैलीवर हेबडिज यांचा सिद्धान्त उभा आहे, तीही मोठ्या प्रमाणात दुकानातच घडली होती. १९७७ मध्ये त्याच रस्त्यावर टेडी आणि पंक तरुणांच्या मारामाऱ्या झाल्या. जुन्या गिऱ्हाइकांना आपल्या वेषाची चाललेली मोडतोड सहन होत नव्हती. २००४ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने वेस्टवूड यांच्या कारकिर्दीचे सिंहावलोकन घडवणारे प्रदर्शन भरवले. त्याला नाव अर्थातच वेस्टवूड यांचे होते. शिंप्यासमोर उभे राहून कॉलरला मखमल लावून घेणाऱ्या मुलांची नावे फॅशनच्या इतिहासात क्वचितच सापडतात.