यंत्रे राष्ट्राची, नोंदी कोणाच्या? भारतातील सामायिक भूभौतिकी यंत्रणेची रायपूरहून केलेली समीक्षा

या टिपणाचा हेतू

भूभौतिकीच्या अभ्यासक्रमात आपण उपकरणे शिकतो. गुरुत्वमापी कसा चालतो, भूकंपमापकातील वस्तुमान का स्थिर राहू पाहते, प्रतिरोधकता सर्वेक्षणात विद्युताग्रे कोणत्या अंतरावर रोवायची, हे सगळे परीक्षेला येते. या उपकरणांतून निघालेल्या नोंदी कुठे जातात, किती वर्षे टिकतात आणि त्या कोणाला वापरता येतात, हे मात्र परीक्षेला येत नाही. हे टिपण त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या चार यंत्रणा आपण तपासणार आहोत, आणि तपासताना रायपूरच्या एका विद्यार्थ्याच्या जागी उभे राहणार आहोत.

रायपूरच का? रायपूर शहर छत्तीसगड खोऱ्याच्या चुनखडकावर आणि शेलवर वसले आहे. सुमारे ३३,००० चौरस किलोमीटरचे हे प्रोटेरोझोइक काळातील खोरे बस्तर क्रेटॉनच्या प्राचीन खडकांवर पसरलेले आहे. बलौदाबाजारकडचे सिमेंट कारखाने याच चुनखडकावर चालतात, आणि विंधन विहिरीला पाणी लागेल की नाही हेही पुष्कळदा याच चुनखडकातील पोकळ्या ठरवतात. म्हणजे प्रश्न घराच्या अंगणातले आहेत. यंत्रणेचे मोठे पत्ते मात्र हैदराबाद, नागपूर, नवी मुंबई, दिल्ली असे आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे छत्तीसगडसाठीचे कार्यालय रायपुरात आहे, पण मध्य क्षेत्राचे मुख्यालय नागपुरात. नागपूर १९५६ पर्यंत या भागाची राजधानीच होती, त्यामुळे मराठी वाचकाला हा रस्ता ओळखीचा आहे. केंद्रापासून दूर बसलेल्या माणसाला यंत्रणा कितपत उपयोगी पडते, यावरूनच ती 'सामायिक' आहे की नाही हे ठरते.

तीन कसोट्या

प्रत्येक यंत्रणेला आपण तीन प्रश्न विचारू.

१. सातत्य : नोंद किती वर्षे न तुटता चालू राहिली?

२. सुवाच्यता : नोंद करणारा माणूस समोर नसताना ती वाचता येते का? उपकरण कोणते, अंशांकन कधी केले, कोणत्या दुरुस्त्या लावल्या, हे नोंदीबरोबर आहे का?

३. प्रवेश : त्या संस्थेत ओळख नसलेल्या माणसाला मूळ नोंद मिळते का?

यंत्र किती महाग आहे हा प्रश्न इथे मुद्दामच घेतलेला नाही.

पहिले उदाहरण : कुलाबा आणि अलिबाग

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून भूचुंबकीय नोंदी होऊ लागल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरले, आणि त्यांच्या विद्युतप्रवाहामुळे नाजूक चुंबकीय वाचने बिघडणार हे उघड झाले. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी समुद्रापलीकडची अलिबागची जागा निवडली. तिथली इमारत अचुंबकीय दगडाची बांधली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी समांतर नोंदी घेतल्या, आणि मगच कुलाब्याचे काम थांबवले.

ही दोन वर्षे नीट लक्षात घ्या. दोन जागांची वाचने एकमेकांना जोडता यावीत म्हणून केलेला तो खर्च होता. त्यातून त्या दोन वर्षांत नवा शोध लागणार नव्हता. त्याचे फळ म्हणजे जवळजवळ दोन शतके लांबीची एक सलग मालिका.

१८५९ च्या सप्टेंबरात पृथ्वीवर प्रचंड सौर वादळ आले. ते कॅरिंग्टन वादळ म्हणून ओळखले जाते. कुलाब्याच्या नोंदीत क्षितिजसमांतर चुंबकीय घटक सुमारे १६०० नॅनोटेस्ला इतका खाली गेलेला दिसतो. २००३ मध्ये, म्हणजे १४४ वर्षांनी, भारतीय आणि परदेशी संशोधकांनी ही नोंद वापरून त्या वादळाची तीव्रता मोजली. उपग्रह आणि वीजवाहिन्यांना असलेला धोका मोजताना आज याच वादळाचा दाखला देतात. वाचने टिपणाऱ्यांना उपग्रह ठाऊक नव्हते. त्यांनी फक्त नोंद नीट ठेवली होती. सातत्य आणि सुवाच्यता या दोन्ही कसोट्यांवर हे उदाहरण पूर्ण उतरते. मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील निरीक्षणे १९१० मध्ये ग्रंथरूपाने छापली, म्हणजे प्रवेशाचीही सोय त्या काळच्या मानाने झाली होती.

दुसरे उदाहरण : किल्लारी, बिलासपूर, जबलपूर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिव भागात किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारो माणसे गेली. द्वीपकल्पाचा हा भाग भूकंपाच्या दृष्टीने शांत समजला जात असे. त्या भूकंपानंतर, जागतिक बँकेच्या साहाय्याने, द्वीपकल्पातील दहा वेधशाळांत आधुनिक ब्रॉडबँड अंकीय भूकंपमापक बसवले गेले. त्यांत पुणे आणि कराड होते, भोपाळ होते, आणि रायपूरपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचे बिलासपूरही होते.

२२ मे १९९७ रोजी जबलपूरला भूकंप झाला. नवी केंद्रे तयार होती. त्यांच्या तरंगलेखांवरून या भूकंपाचे केंद्र सुमारे ३५ किलोमीटर खोल, म्हणजे कवचाच्या तळाशी असल्याचे निश्चित करता आले. किल्लारीचे केंद्र दहा किलोमीटरहूनही उथळ होते. मध्य भारतात दोन अगदी वेगळ्या खोलींवर खडक तुटतो, ही गोष्ट कवचाच्या ताकदीबद्दलच्या आपल्या कल्पना बदलणारी आहे. किल्लारीच्या दुःखातून बसवलेले यंत्र जबलपूरच्या भूकंपाला उपयोगी पडले, आणि तेही छत्तीसगडच्या मातीवरून. सामायिक यंत्रणेचा याहून चांगला दाखला शोधून सापडणार नाही.

तरीही टीका करण्यासारखे दोन मुद्दे उरतात. पहिला असा, की आपली यंत्रणा आपत्तीच्या मागून चालते. जिथे माणसे मेली तिथे पुढच्या पाच वर्षांत यंत्रे येतात. जिथे काही घडले नाही तिथली पार्श्वभूमीची नोंद विरळच राहते. पण शांत प्रदेश खरोखर शांत आहे का, हे कळण्यासाठी त्याचीच लांब नोंद लागते. दुसरा मुद्दा प्रवेशाचा. आज भूकंपाची वेळ, स्थान आणि आकार राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राकडून काही मिनिटांत सर्वांना कळतो, आणि हे काम चांगलेच आहे. पण विद्यार्थ्याला शिकण्यासाठी निष्कर्ष पुरत नाही, तरंगलेख लागतो. हैदराबादचे एक केंद्र फ्रान्सच्या जिओस्कोप जाळ्यात असल्यामुळे त्याच्या नोंदी जगात कोणीही उतरवून घेऊ शकतो. रायपूरच्या विद्यार्थ्याला ॲरिझोनातील केंद्राचा तरंगलेख घरबसल्या मिळावा आणि बिलासपूरच्या केंद्रासाठी अर्ज करावा लागावा, हे उलटे आहे.

तिसरे उदाहरण : कोयना

११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. धरणाच्या जलाशयाशी जोडलेल्या भूकंपांत जगभर आजही हाच सर्वांत मोठा मानला जातो. त्यानंतर सहा दशके तिथे भूकंप होतच आहेत, आणि बहुतेक सगळे सुमारे २० बाय ३० किलोमीटरच्या चिंचोळ्या पट्ट्यात. इतके नेमके ठिकाण जगात क्वचितच मिळते. म्हणून पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराडला विंधन-भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा उभारली. आधी सुमारे दीड किलोमीटर खोलीची विवरे घेतली, आणि २०१७ पर्यंत गोठणे येथे तीन किलोमीटर खोल पथदर्शी विवर पूर्ण केले. दख्खनच्या बेसाल्टची सव्वा किलोमीटर जाडी पार करून ते खालच्या ग्रॅनाइटी खडकात शिरले.

प्रश्न जिथे आहे तिथेच प्रयोगशाळा असावी, हा यातला मोठा गुण. पण विवराचा स्वभाव भूकंपमापकाहून वेगळा आहे. ते एकदाच खणले जाते. खडकाचा गाभा एकदाच वर येतो आणि कापला की कमी होतो. म्हणून तो कोणाला, कोणत्या क्रमाने पाहायला मिळतो हा प्रश्न कार्यालयीन राहत नाही, वैज्ञानिक होतो. एकाच गटाने पाहिलेल्या खडकाचा अर्थ एकाच गटाच्या चुकांसकट पुढे जातो. अशा प्रयोगशाळेचे यश शोधनिबंधांच्या संख्येवर मोजू नये. गाभ्याची पूर्ण सूची सर्वांना दिसते का, आणि एखाद्या राज्य विद्यापीठातील संशोधकाला ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या नियमाने नमुना मागता येतो का, यावर ते मोजावे.

चौथे उदाहरण : राष्ट्रीय भूविज्ञान डेटा भांडार

१९ डिसेंबर २०२३ रोजी राष्ट्रीय भूविज्ञान डेटा भांडाराचे संकेतस्थळ सुरू झाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि गांधीनगरची भास्कराचार्य संस्था यांनी ते उभे केले. प्रवेशाच्या कसोटीवर ही मोठी झेप आहे. ज्या नकाशांसाठी पूर्वी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत, ते नोंदणी करून पाहता येतात. छत्तीसगडला याचे महत्त्व विशेष : कोरबा जिल्ह्यातील कटघोरा लिथियम क्षेत्राचा लिलाव २०२४ मध्ये झाला, आणि असे लिलाव अशाच डेटावर उभे असतात.

पण भांडार मुख्यतः खनिजांचा शोध लक्षात घेऊन बांधले गेले, आणि इथे दुसरी कसोटी आडवी येते. गुंतवणूकदाराला तयार नकाशा हवा असतो. विद्यार्थ्याला तो नकाशा कसा तयार झाला ते हवे असते. गुरुत्वाचे उदाहरण घ्या. उंचीत एक मीटर चूक झाली तर बूगेर विसंगतीत सुमारे ०.२ मिलिगॅल चूक येते. रायपूरच्या अक्षांशावर ठिकाण उत्तर-दक्षिण एक किलोमीटर चुकले तर सुमारे ०.५५ मिलिगॅल. खडकाची घनता २.६७ धरली आणि प्रत्यक्षात ती २.५० असली, तर ३०० मीटर उंचीसाठी सुमारे २ मिलिगॅल. मैदानात ही शेवटची चूक सगळीकडे सारखीच पडते म्हणून दिसत नाही. मैकल रांगेकडे उंची वाढू लागली की तीच चूक जमिनीखालच्या रचनेचे सोंग घेऊन नकाशावर उमटते. मूळ वाचन, उंची, ठाण्याचा संदर्भ आणि धरलेली घनता नोंदीबरोबर नसेल, तर हे सोंग उघडे पाडण्याचा कोणताच मार्ग वाचकाकडे राहत नाही. नकाशा खुला होतो, पण त्याच्याशी वाद घालता येत नाही.

जे अजून हवे आहे

चारही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे : यंत्रे संस्थेची, नोंदी संस्थेच्या. अमेरिकेत १९८४ मध्ये विद्यापीठांनी मिळून 'आयरिस' ही संस्था स्थापली आणि हे नाते उलटे केले. न्यू मेक्सिकोतील सोकोरो येथे भूकंपमापकांचा सामायिक साठा ठेवला. कोणत्याही विद्यापीठाने प्रस्ताव द्यावा, मंजूर झाला की यंत्रे न्यावीत, आणि बदल्यात सगळ्या नोंदी सामायिक संग्रहात जमा कराव्यात. दोन वर्षांनी त्या सर्वांना खुल्या. यंत्र उसने मिळते ते नोंद परत देण्याच्या अटीवर. हा साधा नियम हेच त्या व्यवस्थेचे खरे बळ.

आपल्याकडे २०२० पासून 'आय-स्टेम' संकेतस्थळ सरकारी संस्थांतील उपकरणे इतरांना उपलब्ध करून देते. उपक्रम स्तुत्य आहे, पण त्याची घडण प्रयोगशाळेची आहे. रसायनशास्त्रात नमुना यंत्राकडे नेता येतो. भूभौतिकीत यंत्रच शेतात न्यावे लागते, महिनाभर ठेवावे लागते, पावसात आणि चोरीपासून सांभाळावे लागते. फिरत्या यंत्रांसाठी प्रशिक्षण, वाहतूक, विमा आणि दुरुस्ती यांची वेगळी व्यवस्था लागते. नुसती यादी पुरत नाही.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. सुरक्षेचा आक्षेप सीमेजवळच्या डेटापुरता रास्त आहे. रायपूर कोणत्याही सीमेजवळ नाही. श्रेयाचा आक्षेप अधिक गंभीर : ज्याने उन्हात वाचने घेतली त्याच्याआधी दुसऱ्यानेच निबंध छापला तर? दोन वर्षांची राखीव मुदत यासाठीच असते. तिसरा आक्षेप खर्चाचा. त्याचे उत्तर कुलाब्याने देऊन ठेवले आहे : दोन वर्षे समांतर नोंदी ठेवण्याचा खर्च त्या वेळी वायफळ वाटला असता, आज ती मालिका नव्याने विकत घेता येणार नाही.

समारोप

आपल्या देशाने यंत्रे बसवण्यात कसूर केलेली नाही. कसूर आहे ती नोंदीला यंत्राइतके महत्त्व देण्यात. यंत्र वीस वर्षांत भंगारात जाते. नोंद नीट ठेवली तर आपल्याला अजून न सुचलेल्या प्रश्नालाही उत्तर देते. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्याच जिल्ह्याची एकही मूळ नोंद कधी हाताळलेली नसेल, तर त्याला आपण भूभौतिकी शिकवली नाही, फक्त तिची वर्णने शिकवली.

स्वाध्याय

१. डेटा भांडारात आपल्या जिल्ह्याचा कोणताही एक गुरुत्व किंवा चुंबकीय डेटासंच उघडा. उपकरण, तारीख, उंचीचा स्रोत, संदर्भ ठाणे आणि धरलेली घनता यांपैकी किती गोष्टी मिळतात ते लिहा.

२. तुमच्या विभागात गेल्या दहा वर्षांत झालेल्या प्रतिरोधकता सर्वेक्षणांच्या वह्या कुठे आहेत? सापडल्या, तर त्यांतील एक वही अशा रीतीने अंकीय स्वरूपात आणा, की तुम्हाला न ओळखणारा माणूस ती वापरू शकेल.

३. वरील तिन्ही कसोट्या तुमच्या स्वतःच्या प्रकल्पाला लावा.